मिडल स्कूलमधलं ‘ड्युअल लँग्वेज’: टेक्सासात नव्यानं आलेल्या मराठी घरांसाठी

थोरली पाचवीत असताना फेब्रुवारीत तिच्या दप्तरातून एक फिकट पिवळा कागद निघाला. पुढच्या वर्षी मिडल स्कूलमध्ये कोणकोणत्या तासिका हव्यात, त्यावर खुणा करायच्या होत्या. मी तो रात्री ओटा पुसता पुसता पाच मिनिटांत भरला. स्पॅनिशला खूण, ऑर्केस्ट्रालाही खूण. होईल काहीतरी, असं म्हणत सही ठोकली. ऑगस्टमध्ये वेळापत्रक हाती आलं तर त्यात ऑर्केस्ट्रा नव्हताच. वर्षभर भाड्याच्या व्हायोलिनवर घासाघीस केलेली पोर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कुठल्याच भाषेत.

आता ती नववीत आहे आणि धाकटा सहावीत आलाय. आमच्या भागात दर उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून नवी कुटुंबं येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. ते स्पॅनिशचं काय असतं? घ्यावं का? इंग्रजीचं काय होईल? व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी शिक्षिका नाही. नियम टेक्सासचे आहेत. तुम्ही न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असाल तर नावं बदलतील, प्रश्न बहुतेक हेच राहतील.

आधी नावांचा घोळ

आपल्याकडचं सेमी-इंग्लिश आठवा. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. भाषा वेगळी न शिकवता तिच्यातून दुसरं काहीतरी शिकवायचं, ही तिथली युक्ती. ड्युअल लँग्वेज म्हणजे तेच, फक्त इथे जोडी स्पॅनिश आणि इंग्रजीची. वर्गातली निम्मी-शिम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी आणि उरलेली इंग्रजी बोलणारी असतील तर त्याला ‘टू-वे’ म्हणतात. सगळी स्पॅनिशभाषक असतील तर ‘वन-वे’. प्राथमिक शाळेत ‘नव्वद-दहा’ किंवा ‘पन्नास-पन्नास’ असे आकडे कानावर पडतील. दिवसाचा किती वाटा स्पॅनिशमध्ये, एवढाच त्यांचा अर्थ. नव्वद-दहावाले वरच्या इयत्तांत जाताना हळूहळू निम्म्यावर येतात.

‘ट्रान्झिशनल बायलिंग्वल’ हे मात्र वेगळं प्रकरण. तिथे इंग्रजी येईपर्यंत मुलाला त्याच्या भाषेचा टेकू देतात आणि मग तो काढून घेतात. टेक्सासच्या कायद्यानुसार एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) एकाच इयत्तेत, एकाच भाषेची, इंग्रजी शिकत असलेली वीस मुलं असली की प्राथमिक शाळेत बायलिंग्वल वर्ग द्यावे लागतात. त्यामुळे नुसतं ‘बायलिंग्वल’ ऐकून खूष होऊ नका. ते बहुधा आपल्या मुलांसाठी नसतं.

आणि ‘स्पॅनिश वन’ म्हणजे साधा भाषेचा तास. वाईट नाही, पण ते ड्युअल लँग्वेज नव्हे.

दार कुठे उघडं आहे ते बघा

आता कटू भाग. तुमचं मूल सहावीत येणार असेल आणि त्याला स्पॅनिशचा गंध नसेल, तर ड्युअल लँग्वेजच्या वर्गात त्याला सहसा घेत नाहीत. हे वर्ग किंडरगार्टन किंवा पहिलीपासून सुरू होतात, जागा बऱ्याच ठिकाणी सोडतीनं भरतात, आणि पहिली-दुसरीनंतर यायचं तर स्पॅनिशची परीक्षा द्यावी लागते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आमच्या शेजारच्या काकूंनी नातवासाठी तीन आठवडे शाळेत खेटे घातले नसते.

मग काय करायचं? घरात धाकटं असेल, चार-पाच वर्षांचं, तर त्याच्यासाठी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर आजच अर्जाची तारीख बघा. कित्येक ठिकाणी ती पुढच्या वर्षासाठी हिवाळ्यातच येऊन जाते. मोठ्याला सहावी-सातवीत स्पॅनिश वन मिळतंय का विचारा. काही शाळा ते आठवीतच देतात, काही सातवीतही देतात, आणि मिडल स्कूलमध्ये केलेलं स्पॅनिश वन हायस्कूलचं क्रेडिट म्हणून धरतात. टेक्सासमध्ये हायस्कूल पास व्हायला परभाषेची दोन क्रेडिट लागतात. त्यातलं एक आधीच पदरात पडलं तर बरंच.

मूल मराठी माध्यमातून आलं असेल आणि इंग्रजीच अजून जड जात असेल, तर पहिलं वर्ष स्पॅनिश नको, असं माझं मत. जिम कमिन्स या अभ्यासकानं १९७९ सालीच दोन गोष्टींतला फरक दाखवून दिला होता: मैदानावर बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकातली, परीक्षेतली भाषा यायला पाच-सात वर्षं लागतात. पोरगं फाडफाड बोलायला लागलं की आपल्याला वाटतं झालं. झालेलं नसतं.

नावनोंदणीच्या दिवशी

भाडेकरार किंवा विजेचं बिल, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, मागच्या शाळेची गुणपत्रिका. ही सगळी मंडळी एका फाइलीत घालून न्या. लसींच्या तारखा महिना-दिवस-वर्ष या क्रमानं लिहून न्या. आपला दिवस-महिना-वर्ष क्रम तिथे गोंधळ घालतो.

खरा कागद आहे तो घरच्या भाषेचा. घरी बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतात आणि मूल बहुतेक वेळ कोणती बोलतं, असे प्रश्न त्यावर असतात. बरीच आपली माणसं इथे घाबरून ‘इंग्रजी’ लिहितात. मुलाला मागच्या बाकावर बसवतील असं वाटतं. खरं ते लिहा. ‘मराठी’ लिहिलंत तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि साधारण चार आठवड्यांत एक समिती निर्णय देते. इथे तिला ‘एलपॅक’ म्हणतात. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून आलेली पोरं ती चाचणी सहसा सहज पार करतात आणि विषय तिथेच संपतो. पार झाली नाही तर इंग्रजीची जादा मदत मिळते, आणि ती नाकारायचा हक्क तुम्हाला असतो. उलट तुम्ही ‘इंग्रजी’ लिहून मोकळे झालात आणि नंतर मूल अडखळायला लागलं, तर मदतीचं गाडं हलायला महिने जातात.

त्या पिवळ्या कागदाचं गणित

आता मूळ दुखण्याकडे येते. मिडल स्कूलमध्ये ड्युअल लँग्वेज म्हणजे दिवसाचा निम्मा भाग स्पॅनिश, हे डोक्यातून काढून टाका. प्राथमिक शाळेतली एक बाई, एक वर्ग ही व्यवस्था इथे संपते. दर पाऊण-एक तासानं घंटा, नवीन खोली, नवीन शिक्षक. त्यात स्पॅनिशच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी दोनच तासिका येतात: एक स्पॅनिश भाषा-साहित्याची आणि एक विषय स्पॅनिशमधून. तो विषय समाजशास्त्र असतो किंवा विज्ञान.

सात तासिका धरा. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र या चार अटळ. पाचवी स्पॅनिश भाषेची. टेक्सासमध्ये सहावी ते आठवीत मिळून चार सत्रं शारीरिक शिक्षणाची लागतात, म्हणजे बऱ्याच वर्षी सहावी तासिका त्यात गेली. शिवाय त्या तीन वर्षांत संगीत, चित्रकला, नाटक यांपैकी एक तरी विषय करावा लागतो. उरली एक तासिका. बँड, ऑर्केस्ट्रा, कोडिंग, चित्रकला, सगळे त्या एका खुर्चीवर बसायला बघतात. त्यातून ऑर्केस्ट्रा आणि स्पॅनिशमधलं विज्ञान एकाच वेळी आलं, तर जे एकाच वर्गात शिकवलं जातं ते जिंकतं. आमच्याकडे स्पॅनिश विज्ञानाचा वर्ग इयत्तेला एकच होता. व्हायोलिन हरलं.

म्हणून कागद आला की सही करायच्या आधी काउन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, ईमेल करा. ‘ड्युअल लँग्वेजच्या तासिका दिवसात कितव्या असतात, आणि त्याच वेळी आणखी काय असतं?’ एवढाच प्रश्न. फेब्रुवारीत विचारलंत तर उत्तर मिळतं, ऑगस्टमध्ये विचारलंत तर सहानुभूती मिळते. काही शाळा सकाळी लवकर ‘झीरो पीरियड’ ठेवतात, तिथे व्यायामाचा तास उरकता येतो. धाकट्याच्या वेळी मी तेच केलं. तो साडेसातला अर्धवट झोपेत पळत असतो, पण ट्रम्पेट वाजवतो.

शाळेला काय विचाराल

माहितीच्या संध्याकाळी तुम्हाला रंगीत झेंडे, पापेल पिकादोची कागदी तोरणं आणि छान व्हिडिओ दिसेल. ते बघून घ्या आणि मग हात वर करा.

पहिलं विचारा: स्पॅनिशमधून विषय कोणता, आणि तिन्ही वर्षं का? माझं मत समाजशास्त्राच्या बाजूनं आहे, निदान सातवीत तरी. सातवीला टेक्सासचा इतिहास असतो. हा मुलूख आधी स्पेनचा होता, १८२१ पासून मेक्सिकोचा, आणि १८३६ मध्ये वेगळा झाला. त्या काळचे ठराव, पत्रं, जमिनीचे कागद स्पॅनिशमध्ये आहेत. हुआन सेगीन हा तेहानो (म्हणजे टेक्सासमधला स्पॅनिशभाषक) पुढारी टेक्सासच्या बाजूनं मेक्सिकोविरुद्ध लढला. ही गोष्ट स्पॅनिशमधून शिकताना मुलांना ती भाषा पाहुणी वाटत नाही.

दुसरं: शिक्षक कोण? त्यांनी नोकरी सोडली तर पुढे काय? हे आगाऊपणाचं वाटेल, पण विचाराच. दोन्ही भाषांत विज्ञान शिकवू शकणारी माणसं थोडी. थोरलीच्या सातवीत विज्ञानाच्या बाई ऑक्टोबरमध्ये गेल्या आणि हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत बदली शिक्षकानं सगळं इंग्रजीतून उरकलं. प्रगतिपुस्तकावर मात्र शेवटपर्यंत ‘ड्युअल लँग्वेज सायन्स’ असंच छापून येत होतं. मला हे कळलं ते तिच्या वहीवरून. सप्टेंबरची पानं स्पॅनिश, नोव्हेंबरची इंग्रजी. तेव्हापासून महिन्यातून एकदा वही उघडून बघते. तुम्हीही बघा, वही खोटं बोलत नाही.

तिसरं परीक्षेचं. टेक्सासची ‘स्टार’ परीक्षा स्पॅनिशमध्ये फक्त तिसरी ते पाचवीला देता येते. सहावीपासून सगळी इंग्रजीत. आठवीला विज्ञान आणि समाजशास्त्र दोन्हींची परीक्षा असते. मग वर्षभर जे स्पॅनिशमध्ये शिकवलं, त्याचे इंग्रजी शब्द मुलांना कधी आणि कसे देणार? चांगल्या शाळेकडे याचं उत्तर तयार असतं. तिथे प्रत्येक धड्याअखेरीस दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडण्याचा तास असतो. ‘मुलांना आपोआप जमतं’ असं उत्तर आलं तर मी दोनदा विचार करीन.

इंग्रजी मागे पडेल का

सासूबाईंपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळे हे विचारतात. ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या सरकारी शाळांत रँड संस्थेनं एक अभ्यास केला, तो २०१५ मध्ये आला. जागा सोडतीनं मिळत असल्यामुळे तुलना खरी होती: चिठ्ठी लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं. इमर्शनमधली (तिथलं ड्युअल लँग्वेजचं नाव) मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत साधारण सात महिन्यांनी आणि आठवीत नऊ महिन्यांनी पुढे होती. गणित-विज्ञानात तोटा दिसला नाही. हा अभ्यास मी सासूबाईंना वाचून दाखवला. ‘तरी पण’ म्हणाल्या.

घरी काय कराल, स्पॅनिश येत नसताना

इथे आपल्याकडे एक लपलेली पुंजी आहे, आणि ती मला थोरलीनं दाखवली. सहावीत त्यांना ‘मला आवडतं’ शिकवत होते. इंग्रजी घरातली मुलं सारखी ‘यो गुस्तो’ म्हणायची, म्हणजे ‘मी आवडतो’. बाई दर वेळी दुरुस्त करायच्या: ‘मे गुस्ता एल मांगो’. आंबे अनेक असले तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. घरी आल्यावर पोरगी म्हणते, ‘आई, यात शिकायचं काय आहे? मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात!’ खरंच की. इंग्रजीतून गेलं की उलटंपालटं होणारं वाक्य मराठीतून सरळ जातं.

असं बरंच आहे. निर्जीव वस्तूंना लिंग असतं, हे आपल्या मुलांना नवं नाही. तू आणि तुम्ही यांतला फरक ‘तू’ आणि ‘उस्तेद’ मध्ये जवळजवळ तसाच उतरतो. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच, दाताला जीभ लावून. आपली पोरं अमेरिकन शाळेत जाऊन ट-ड करायला लागतात. त्यांना सांगा, इथे आजीसारखं बोल. चुकायच्या जागा वेगळ्या: ‘एच’ लिहितात पण उच्चारत नाहीत, ‘व्ही’ चा ब होतो, आणि ‘एन’ वरची ती नागमोडी रेघ विसरायची नाही. ‘मी अकरा वर्षांचा आहे’ या वाक्यात ती विसरली तर वर्षांच्या जागी शरीराचा एक अवघड भाग येतो आणि अख्खा वर्ग आठवडाभर हसतो. क्रोमबुकच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पॅनिश कीबोर्ड पहिल्याच दिवशी घाला.

फ्रिजवर एक कागद लावा. साबण–हाबोन. चावी–याबे. पाव–पान. बादली–बाल्दे. पगार–पागार, म्हणजे पैसे देणं. गोवा-वसईकडून पोर्तुगीजांनी आपल्या घरात सोडलेले हे शब्द, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. मेक्सिकन मुलं बादलीला ‘कुबेता’ म्हणतात, तेही त्यात लिहून टाका. आमच्या कागदावर आता चाळीसेक जोड्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या धाकट्यानं शोधल्या.

अभ्यासाचं काय? मला स्पॅनिश येत नाही. सातवीत एकदा वनस्पती-पेशीची आकृती होती, ‘सेलुला वेहेताल’, नावं द्यायची होती. मी म्हटलं, मला मराठीत समजाव. ती ‘क्लोरोप्लास्तो’ शी अडली. मला शाळेतलं ‘हरितलवक’ आठवलं आणि तिला सांगितलं: हरित म्हणजे हिरवा. मग ‘फोतोसिंतेसिस’, फोटोसिंथेसिस, प्रकाशसंश्लेषण, असे तिन्ही शब्द तिनं वहीच्या समासात एकाखाली एक लिहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिसरा शब्द कुठल्या भाषेतला म्हणून विचारलं आणि फळ्यावर लिहायला लावला. जे मूल तुम्हाला मराठीत समजावू शकतं, त्याला धडा समजलेला असतो. नाही समजावता आलं, तर शब्द पाठ झालेत पण धडा नाही. तपासायला याहून स्वस्त रीत नाही.

म्हणून स्पॅनिश आली की मराठी कमी करू, डोक्यावर फार ओझं नको, असा विचार कृपा करून करू नका.

सातवीतली मूठ मिटते तेव्हा

बारा-तेराव्या वर्षी मुलं अचानक स्पॅनिश बोलायचं बंद करतात. ज्यांच्या घरी स्पॅनिश आहे तीसुद्धा. वर्गाबाहेर सगळं इंग्रजीत चालतं, कारण ती ‘भारी’ पोरांची भाषा. रागावून उपयोग नाही. भाषेला काम द्या: फुटबॉलचा सामना स्पॅनिश समालोचनात लावा, ताकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, ऑर्डर त्यांना देऊ द्या, मित्राच्या आजीशी दोन वाक्यं बोलायला पाठवा. आजीसमोर इंग्रजी चालत नाही, म्हणून ती सगळ्यात चांगली शिक्षिका.

एक जपा. वर्गमित्राचं आडनाव गार्सिया असलं म्हणून ‘तुला स्पॅनिश कशी येत नाही?’ असं विचारू नका, मुलांनाही विचारू देऊ नका. या राज्यात १९१८ पासून पन्नासेक वर्षं शाळेत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा होता. मार्फा गावातल्या ब्लॅकवेल शाळेत १९५४ साली मेक्सिकन-अमेरिकन मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ‘मिस्टर स्पॅनिश’ चं दफन केलं. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. स्पॅनिश बोलल्याबद्दल मार खाल्लेल्या त्या मुलांनी पुढे आपल्या लेकरांना ती शिकवली नाही. आज त्यांची नातवंडं आपल्या मुलांशेजारी बसून आजोबांची भाषा परत शिकतायत. तिकडे मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ मध्ये, क्युबातून आलेल्या मुलांसोबत, आजच्या ड्युअल लँग्वेजची सुरुवात झाली होती.

आठवी संपताना

एप्रिलमध्ये काउन्सेलरकडे जाऊन विचारा, हायस्कूलची कोणती क्रेडिट नोंदली गेली आणि ती ट्रान्सक्रिप्टवर दिसतायत का. टेक्सासच्या नियमांत प्राथमिक शाळेत ड्युअल लँग्वेज नीट पूर्ण केलेल्या मुलाला परभाषेचं एक क्रेडिट देण्याची सोय आहे, पण अटी आहेत आणि ते आपोआप होतंच असं नाही. नोंद झाल्याचा कागद हातात घ्या, विशेषतः घर बदलणार असाल तर. आमच्या ओळखीतल्या एका घराला डिस्ट्रिक्ट बदलल्यावर तेच सिद्ध करायला अख्खं सत्र लागलं.

एपी स्पॅनिश लँग्वेजची (शाळेत असतानाच द्यायची, कॉलेजच्या पातळीची) परीक्षा काही ठिकाणी ही मुलं आठवीतच देतात, काही ठिकाणी नववीत. पाचपैकी तीन गुण मिळाले तरी टेक्सासच्या सरकारी महाविद्यालयांना सहसा त्याचं क्रेडिट द्यावं लागतं. घाई नको. लेखन कच्चं असेल तर नववीतच द्या.

आणि ‘सील ऑफ बायलिटरसी’ बद्दल विचारून ठेवा. कॅलिफोर्नियानं २०११ मध्ये सुरू केलेला हा शिक्का आता देशभर पसरलाय. बारावीच्या डिप्लोमावर तो मिळतो, पण तयारी मिडल स्कूलपासूनच होते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अव्हांट कंपनीच्या चाचण्यांच्या यादीत मराठीही आहे, लेखन आणि भाषण अशा रूपात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना ती झेपण्यासारखी असते. तुमचं डिस्ट्रिक्ट ती मानतं का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. थोरली स्पॅनिशची देणारच आहे, मराठीचं तिनं अजून ‘बघू’ वर ठेवलंय. ऱ्हस्व-दीर्घ तिला नकोसं होतं.